पाणी मातीत शिरंना

नथूमामा कधी कशाला नाक लावून वास घेत नसत. चहा असो, फणसाचा गरा असो, कुणी भोरच्या बाजारातून आणलेली नवी कोरी चादर असो. वस्तू हातभर लांब धरायची आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने तिच्यावरची हवा हळूच आपल्याकडे ओढून घ्यायची. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेल्या माणसाची ती सवय होती. बाटलीत काय आहे ठाऊक नसताना नाक लावलं तर नाकच जायचं. लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याच्या वाटीवर असा हात हलवणारा म्हातारा पाहून शेजारची माणसं बुचकळ्यात पडत. मामांना त्याचं काही नसे.

भोरच्या आमच्या शाळेत ते प्रयोगशाळेचे शिपाई होते. दहावीला दोनदा बसलेले आणि दोन्ही वेळा इंग्रजीत गेलेले. मी तिथे रसायनशास्त्र शिकवायला लागले तेव्हा त्यांची नोकरी वीस वर्षांची झाली होती आणि माझी वीस मिनिटांची. पहिलाच तास, समोर साठ मुलं. सौम्य आम्ल करून दाखवायचं म्हणून मी आम्लाचं चंचुपात्र टेबलावर ठेवलं आणि त्यात ओतायला पाण्याचा तांब्या उचलला. तेवढ्यात दारातून आवाज आला, "मॅडम, हेडसर बोलवत्यात. लगेच."

मी तांब्या ठेवला आणि बाहेर गेले. व्हरांड्यात मामा हात मागे बांधून उभे.

"हेडसर न्हाई बोलवत," ते हळूच म्हणाले. "आम्ल पाण्यात. पाणी आम्लात न्हाई. जावा आता."

पाणी ओतलं असतं तर आम्ल उसळून पहिल्या बाकावर उडालं असतं. कान लाल करून मी परत वर्गात गेले. पुढे किती वर्षं आम्ही एकत्र काम केलं, पण ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. मलाही पुन्हा कधी ऐकवली नाही.

प्रयोग मांडणं हे त्यांचं काम. स्टँड, नळ्या, बुचं, दिवे, सगळं तासाआधी तयार. बाटल्यांवर चिकटपट्टी लावून त्यांच्या गोल, ठसठशीत अक्षरात नावं. मामा मांडायचे, आम्ही करायचो आणि मुलं टाळ्या वाजवायची. प्रयोग चालू असताना ते दाराशी उभे राहायचे. एकदा मी वळून पाहिलं तर त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. मी जे बोलत होते ते त्यांना आधीच पाठ होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं.

मुलांच्या वह्या मात्र ते तपासत. अधिकार नव्हता, तरी तपासत. एखाद्या मुलाने पुस्तकातलं उत्तर उतरवून काढलं की वहीवर बोट ठेवून म्हणायचे, "वाटलं ते लिवू नको. दिसलं ते लिव."

निवृत्त झाले तेव्हा शाळेने विचारलं, काय भेट देऊ? सगळ्यांना वाटलं घड्याळ मागतील. त्यांनी सामू, म्हणजे आंबटपणा-खारटपणा, मोजायच्या रंगीत कागदाचं एक पुडकं मागितलं, आणि चोच तुटलेलं एक चंचुपात्र, जे तसंही मोडीत निघणार होतं. ते घेऊन ते वेल्ह्याच्या पुढे आपल्या वाडीला गेले. मामी आधीच गेल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. वाडीत धाकटा भाऊ कोंडिबा आणि त्याची बायको सगुणावहिनी. मामांचं घर वाडीच्या वरच्या अंगाला. कोंडिबाने नवं घर बांधलं होतं ते खाली, ओहोळाच्या काठाला. दोघा भावांत फारसं बोलणं नव्हतं. कोंडिबाच्या मनात एकच सल होती: दादा भोरला सावलीत बसला आणि डोंगरावरची शेती मी एकट्याने ओढली.

दोनेक वर्षांनी एका एप्रिलमधे मामांचा फोन आला. मोबाईलवर ते फार मोठ्याने बोलत, मधे डोंगर आहे म्हणून.

"मॅडम, पाणी मातीत शिरंना."

"काय?"

"माती पाणी घेईना. तुमी या एकदा. वाटलं ते सांगत न्हाई, दिसलं ते सांगतोय."

रविवारी स्कूटर काढली. कापूरहोळ, नसरापूर करत वेल्ह्याला पोचले, आणि पुढच्या वळणावरून त्यांचा डोंगर दिसला. वरपासून खालपर्यंत काळा. मार्चमधे वणवा लागला होता. गवत, कारवी, करवंदाच्या जाळ्या, सगळं दोन दिवस धुमसत होतं. कुणी लावला, कसा लागला, याची वाडीत चर्चा नव्हती. आमच्या भागात ते नवीनही नाही. जुनं गवत जाळलं की नवं जोमानं येतं असं लोक मानतात. दरवर्षी कुठला तरी डोंगर जळतोच.

मामा मला घेऊन चढावर गेले. खिशातून ड्रॉपर काढला. आधी वणवा न पोचलेल्या बांधाजवळ गेले, पालापाचोळा बाजूला केला आणि मातीवर पाण्याचा एक थेंब सोडला. दोन म्हणायच्या आत थेंब नाहीसा झाला. मग जळलेल्या बाजूला येऊन त्यांनी वरची राख हाताने पुसली, खाली दोन बोटं माती खरवडली आणि पुन्हा थेंब सोडला.

थेंब तसाच राहिला. अळूच्या पानावर राहतो तसा, गोल, चमकता. त्याच्यावर बारीक धूळ चढली, तरी तो हलेना. मामा मोजत होते. दोनशेपर्यंत मोजलं आणि थांबले.

"परवा वळवाची सर आली," ते म्हणाले. "घटकाभर पडली. म्या बघायला आलो. हितं पाणी नुसतं पळत हुतं, तेलकट ताटावरनं पळावं तसं. बोट घातलं तर खाली पीठ. कोरडं ठणठणीत."

मग ते मला घरी घेऊन आले. ओसरीवर दोन वाट्यांत माती भिजत ठेवली होती. साधं पाणी चालायचं नाही म्हणून वेल्ह्याच्या गॅरेजमधून बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणलं होतं. रंगीत कागद बुडवून दाखवला. चांगल्या मातीत पिवळा, म्हणजे जरा आंबट, आपल्या डोंगराची माती असते तशी. जळलेल्या मातीत हिरवा, निळ्याकडे झुकलेला, म्हणजे आंबटपणा गेलेला.

"राखंनं चव बदलली तिची," मामा म्हणाले. "ते मला कळतंय. राख खारट, राखंत खत बी हाय. पण पाणी का उलटं पळतंय, ते तुमी सांगा. तुमी शिकलेल्या."

मला सांगता येईना. कबूल केलं आणि भोरला येऊन आठवडाभर पुस्तकं चाळली. उत्तर सापडलं. पानांत, गवतात, मुळांत एक मेणासारखा अंश असतो. आग लागली की त्याची वाफ होते. थोडी वर जाते, थोडी मातीत खाली उतरते, आणि खालच्या थंड मातीत पोचली की तिथेच कणाकणावर थिजून बसते. वर राख, खाली हा मेणाचा पदर, आणि त्याच्याखाली चांगली माती, तहानलेली. मातीला धरून ठेवणारा कुजका पालाही जळालेला असतो, मुळांचा आधार गेलेला असतो. मोठा पाऊस आला की पाणी आत शिरत नाही. राख, माती, गोटे, जे हाताला लागेल ते घेऊन खाली उतरतं.

फोनवर हे सगळं मामांना सांगितलं, त्यांनी ते माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग म्हणाले, "खाली कोंडिबाचं घर हाय."

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली तशी मी वाडीत गेले, कारण मामांनी सरपंचांना सांगून देवळापुढे सगळ्यांना बोलावलं होतं. पन्नासेक माणसं असतील. मामांनी सांगायला सुरुवात केली आणि दोन वाक्यांतच कोंडिबा उठला. रापलेला, उंच, आवाज मोठा.

"दादा, शाळा सुटली तुझी. दरसाल आमी राब भाजतो. पालापाचोळा, शेण टाकून जमीन जाळतो आन् तिथंच भाताचं रोप करतो. तवा न्हाई पाणी उलटं पळत? आन् पाणी मातीत मुरत न्हाई तर काय आभाळात जातं?"

लोक हसले. मामा गोरेमोरे झाले. माझ्याजवळ येऊन पुटपुटले, "मॅडम, म्या मांडतो. तुमी करा."

"नाही," मी म्हटलं. "आज तुम्हीच करा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एखाद्याला नको तेवढं मोठं ताट वाढल्यावर तो बघतो तसं. मग वळले.

मांडणी सकाळीच करून ठेवली होती. पत्र्याच्या तीन पन्हळी, एका बाजूला दगड लावून तिरक्या केलेल्या. प्रत्येकीत डोंगरावरून खुरप्याने अलगद, थर न मोडता कापून आणलेली माती. पहिलीत न जळलेली, बाकी दोन्हीत जळलेली. प्रत्येकीच्या तोंडाशी एक पातेलं. मामांनी पहिलीवर झारीने तांब्याभर पाणी घातलं. अर्धं पाणी बाहेरच सांडलं. त्यांनी झारी खाली ठेवली, धोतराला हात पुसला आणि पुन्हा उचलली. पाणी मातीत गेलं. पातेल्यात काही थेंब पडले, तेही उशिरा.

मग दुसरी. पाणी पडलं तसं धावलं. काळं, राखेचं, मातीचं पाणी भसाभसा पातेल्यात उतरलं. मामांनी ओल्या पन्हळीतली माती बोटांनी फोडून पुढे बसलेल्या म्हातारीच्या तळहातावर ठेवली.

"बघ काकू."

"आगं बया, कोरडी हाय की!" म्हातारी ओरडली. माती हातोहात मागे गेली.

आता मामांनी लोकांकडे तोंड केलं. "कोंडिबा बोलला ते बरोबर हाय," ते म्हणाले. "आमी राब भाजतो. पण राबाची जागा सपाट. चहूबाजूंनी बांध. राख तिथंच ऱ्हाती आन् आपण नांगर घालून ती जमीन मोडतो. डोंगराला बांध हाय का? नांगर हाय का? राख खत हाय, खोटं न्हाई. पण पैल्या पावसात ते खत ओढ्यात जाणार, आन् मागनं डोंगर येणार."

हसणं बंद झालं होतं. सरपंचांनी विचारलं, "मग करायचं काय, मामा?"

तेव्हा मामा तिसऱ्या पन्हळीकडे वळले. तीही जळलेल्याच मातीची होती. खुरप्याने त्यांनी माती आडवी उकरली, मेणाचा पदर मोडला, वर मूठभर भाताचा पेंढा पसरला आणि झारी धरली. पाणी पेंढ्यावर पडलं, थबकलं, आणि हळूहळू आत गेलं. पातेलं जवळजवळ कोरडं.

मी देवळाच्या भिंतीला टेकून उभी होते. माझे ओठ हलत होते हे मला नंतर कळलं.

कोंडिबा मात्र तरातरा निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरावर पेंढ्याचा पहिला भारा आला तो सगुणावहिनींच्या डोक्यावरून. नवऱ्याला न विचारता आणला होता. मग बायका आल्या, मागोमाग पुरुष. अख्खा डोंगर करणं शक्य नव्हतं. घरांच्या आणि पिण्याच्या झऱ्याच्या वरचा उतार तेवढा धरला. कुदळीने आडव्या ओळीत माती मोडायची, दगडांच्या ताली, म्हणजे बुटके बांध, घालायच्या, अर्धवट जळलेली कारवी आडवी अंथरायची, वर पेंढा. मामा डोक्याला टॉवेल गुंडाळून ओळी धरत फिरत. कुणी उभी चरी खणली की प्रयोगशाळेतल्यासारखेच खेकसत, "आडवी! उभी खणलीस तर पाण्याला रस्ता दिलास!" महिनाभर काम चाललं. कोंडिबा एक दिवस आला नाही.

पुढचं मी पाहिलेलं नाही. सगुणावहिनींनी मला सांगितलं तसं लिहिते.

आर्द्रा नक्षत्रातली सकाळ. रात्रभर नुसती भुरभुर होती, आणि दहाच्या सुमाराला आभाळ फुटल्यासारखं झालं. ओहोळाचं पाणी काळं झालं. मामा वरून छत्री घेऊन आले आणि कोंडिबाच्या अंगणातून ओरडले, "शाळंत चला समदी! जनावरं सोडा!"

वहिनी निघाल्या. कोंडिबा ओसरीवरून हलेना. "बांधलंय म्या हे घर. तुझ्या पन्हळीला भिऊन सोडू व्हय?"

मामांनी वाद घातला नाही. छत्री मिटली, ओसरीवर चढले आणि भिंतीला पाठ लावून मांडी घालून बसले.

"काय करतुयास?" कोंडिबाने विचारलं.

"बसतोय."

"दादा, उठ."

"तू उठलास की उठतो. तवर हितंच."

वर कुठेतरी दगड घरंगळल्याचा आवाज झाला. वहिनी अंगणात भिजत उभ्या, गोठ्यातल्या म्हशी ओरडायला लागलेल्या, आणि दोघे भाऊ एकमेकांसमोर दगडासारखे बसलेले. किती वेळ गेला ते वहिनींना सांगता येत नाही. मग कोंडिबाचं तोंड वेडंवाकडं झालं आणि तो लहान पोरासारखा रडायला लागला.

"दादा, काडी म्या लावली हुती. गवतासाठी. वारा फिरला."

"म्हाईत हाय," मामा म्हणाले. "कवाधरनं म्हाईत हाय. चल."

कोंडिबाने म्हशींची दावी कापली. तिघं वाडीच्या शाळेच्या उंच ओट्यावर पोचली, आणि अंगावरचं पाणी निथळायच्या आत डोंगराच्या पलीकडच्या, काम न केलेल्या बाजूने लोंढा उतरला. काळा, जाड, झाडांची खोडं घेऊन. तो ओहोळात आला, काठ सोडून फुगला, कोंडिबाचा गोठा गुडघ्याएवढ्या चिखलाने भरून पुढे गेला. घराच्या भिंतीला लागला, पण ओहोळात त्याला भेटायला वरून दुसरा लोंढा आला नाही. घरावरचा उतार जिथल्या तिथे होता. पेंढा भिजून मातीला चिकटला होता, तालीमागे पाणी तुंबून आत जिरत होतं. दोन्हीकडून आलं असतं तर घर राहिलं नसतं, आणि ओसरीवर बसलेली माणसंही नाहीत.

दुपारी मी वर्गात शिकवत होते. फोन वाजला. एरवी वर्गात मी फोन घेत नाही.

"मॅडम," तोच ओरडा, पण मागे पावसाचा धो धो आवाज. "समदी हाईत. माणसं हाईत, जनावरं हाईत. मोजली दोनदा."

मी हो म्हटलं की नाही आठवत नाही. खडू हातातच होता. पहिल्या बाकावरच्या मुलींना सरकायला सांगून मी तिथेच बसले. मुली घाबरून म्हणाल्या, "मॅडम, काय झालं?" म्हटलं, "काही नाही झालं. काहीच नाही झालं गं."

झरा आठ-दहा दिवस गढूळ आला. वाडीने तोवर शेजारच्या वस्तीतून पाणी भरलं. मग एका सकाळी तो निवळला. पुढच्या बैठकीत कोंडिबाने देवळापुढे उभं राहून स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं. लोक रागावले, दोघं-तिघं अंगावरही गेले. मग सरपंच म्हणाले, येत्या माघात डोंगराच्या कडेचं गवत कापून पट्टा मोकळा ठेवायचा, म्हणजे आग आली तरी ओलांडणार नाही. या कामात पुढे कोण राहणार? कोंडिबाने हात वर केला. अजूनही ते काम तोच करतो.

मामा त्याच्या पुढच्या वर्षी गेले. दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. मला उशिरा कळलं, जाता आलं नाही. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधीच्या दिवाळीच्या सुट्टीत.

भात कापणी चालू होती. डोंगर पुरता भरला नव्हता; काम न केलेल्या अंगाला अजून लाल ओरखडे होते. पण घरांच्या वर गुडघाभर गवत आलं होतं आणि दगडांच्या ओळींतून कारवीचे कोवळे धुमारे निघाले होते. दिवसभर मी वाडीत होते. वहिनींनी तांदळाची भाकरी आणि वाटाण्याची उसळ केली. निघताना मी स्कूटर चालू केली, तेवढ्यात दोघे भाऊ वरून खाचराकडे उतरताना दिसले. कशावरून तरी कडाडून भांडत होते. कुठली म्हैस विकायची, असं काहीतरी कानावर आलं. पायवाट तिथे निसरडी होती. कोंडिबाने मामांचा दंड धरला. मामांनी झटकून सोडवला, दोन शब्द सुनावले आणि पुढे झाले. चार पावलं गेले, थांबले, मागे न बघता हात मागे केला. कोंडिबाने तो धरला. भांडण न थांबवता दोघे खाली उतरले.